सेलमधील सूट कोण, केव्हा आणि कशावरून ठरवते?

जिज्ञासा (धागाकर्ती)

सेलच्या काळात एकाच दुकानात एका वस्तूवर २० टक्के, तिच्या शेजारच्या वस्तूवर ३० टक्के आणि टोकाच्या मांडणीवर थेट ७० टक्के सूट लावलेली दिसते. हे आकडे कोण ठरवते आणि कशाच्या आधारावर, याची चौकशी केल्यावर मला दोनच उत्तरे ऐकायला मिळाली. एक म्हणजे विक्रेते किंमत आधी फुगवतात आणि मग ती उतरवल्याचे दाखवतात. दुसरे म्हणजे गोदामातील जागा मोकळी करण्यासाठी ते तोटा सोसून माल काढून टाकतात. दोन्हींत काही तथ्य असेल, परंतु दोन्ही अपुरी वाटतात. किंमत केवळ फुगवलेली असती, तर सर्वच वस्तूंवर साधारण सारखी सूट देऊन भागले असते. आणि सूट म्हणजे निव्वळ तोटा असता, तर प्रत्येक हंगामाच्या अखेरीस नेमाने सेल लावणारी दुकाने तगलीच नसती.

हिशेब करून पाहिल्यावर प्रश्न आणखी अवघड झाला. चलनाचे नाव न घेता आकडे मांडते. समजा, एक वस्तू विक्रेत्याला ६० ला पडते आणि तो ती १०० ला विकतो, म्हणजे प्रत्येक नगामागे त्याच्याकडे ४० उरतात. २० टक्के सूट दिली की विक्रीची किंमत ८० होते आणि उरतात फक्त २०. किंमत एक पंचमांशाने उतरली, पण नगामागचा नफा निम्मा झाला. एकूण नफा पूर्वीइतकाच हवा असेल तर दुप्पट नग विकले गेले पाहिजेत. सूट ३० टक्के केली तर नगामागे १० उरतात आणि चौपट खप लागतो. केवळ सवलतीमुळे खप इतका वाढत असेल, हे मला पटत नाही. तरीही अनुभवी विक्रेते ३० आणि ५० टक्के सूट देतात, त्याअर्थी ते वेगळेच काहीतरी मोजत असले पाहिजेत.

ते काय मोजतात, हे या व्यवसायातील माहीतगारांनी सांगावे, अशी विनंती आहे. ग्राहकांना फसवतात एवढ्यावर चर्चा थांबू नये, असे मनापासून वाटते, कारण आकडा प्रामाणिकपणे कसा बनतो हे कळले, तरच लबाडी नेमकी कुठे सुरू होते हेही ओळखता येईल.

खतावणी

तयार कपड्यांच्या साखळी दुकानांच्या खरेदी विभागात मी काही वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. आपण हिशेब एका नगाचा केला आहे. खरेदी विभाग तो संपूर्ण खेपेचा करतो. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

माल दुकानात येण्याच्या कितीतरी महिने आधी त्याची मागणी नोंदवावी लागते, आणि त्याच वेळी खरेदी करणाऱ्याला हे ठाऊक असते की सगळा माल पूर्ण किमतीला जाणार नाही. कोणते नग उरतील हे सांगता येत नाही, पण काही उरतील हे निश्चित असते. म्हणून सुरुवातीची किंमत ठरवतानाच पुढे द्यावी लागणारी सूट त्यात धरलेली असते. समजा, १०० नग प्रत्येकी ४० ला घेतले, म्हणजे ४००० गुंतवले आणि विक्रीची किंमत १०० ठेवली. अंदाज असा की ६० नग पूर्ण किमतीला जातील, २५ नग ७० ला, १० नग ५० ला आणि शेवटचे ५ नग २० ला काढावे लागतील. एकूण जमा होते ८३५० आणि सरासरी किंमत पडते ८३.५०. विभागाचे उद्दिष्ट या सरासरीवर ठरलेले असते, १०० या आकड्यावर नाही. ५ नग २० ला विकताना त्यांच्यापुरता तोटा दिसतो, पण तो खेपेच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून मांडलेला असतो.

याचा अर्थ असा की हंगामाच्या सुरुवातीला पूर्ण किंमत देणारा ग्राहक काही प्रमाणात न विकल्या जाणाऱ्या मालाचाही भार उचलत असतो. त्या बदल्यात त्याला हवा तो रंग आणि हवे ते माप हमखास मिळते.

आता प्रत्यक्ष सूट कशी ठरते ते सांगतो. दर आठवड्याला प्रत्येक वस्तूचा खप पाहिला जातो. एका प्रकारचे ४०० नग आले आणि ४ आठवड्यांत १०० गेले, म्हणजे आठवड्याला २५ जातात. उरलेल्या ३०० नगांना या गतीने १२ आठवडे लागतील. हंगाम मात्र ६ आठवड्यांचाच उरला आहे. म्हणजे खप दुप्पट झाला पाहिजे. मग प्रश्न एवढाच राहतो की कोणत्या सवलतीने तो दुप्पट होईल. अशाच मालावर मागील हंगामांत २० टक्क्यांनी खप दीडपट आणि ३० टक्क्यांनी दुप्पट झाल्याची नोंद असेल, तर ३० टक्के ही सूट ठरते. शेजारच्या वस्तूला चांगला उठाव असेल आणि ती हंगामाच्या आत आपोआप संपणार असेल, तर तिच्यावर सूट देण्याचे कारणच उरत नाही. धागाकर्तीला एकाच दुकानात वेगवेगळे आकडे दिसतात ते यामुळे. दर्जाचा त्या आकड्यांशी फारसा संबंध नसतो; उरलेला माल आणि उरलेले आठवडे यांचा मेळ जमत नाही तिथे सूट येते.

पाणवठा

आपण शेवटचे ५ नग २० ला विकल्याचे लिहिले आहे. खरेदी ४० ला असताना २० ला विकण्यापेक्षा तो माल पुढच्या वर्षापर्यंत ठेवणे शहाणपणाचे नाही का? घरात आपण असा विचार करतो.

खतावणी

विक्रेत्याच्या दृष्टीने ते ४० खर्च होऊन गेलेले आहेत. माल विकला काय किंवा ठेवला काय, ते परत येत नाहीत. आता विचार करायचा तो एवढाच की हा नग इथून पुढे किती मिळवून देईल. वर्षभर ठेवला तर गोदामाचे भाडे, हाताळणी, मोजदाद, खराबी आणि अडकलेल्या रकमेवरील व्याज हे सगळे त्याच्यावर चढते, आणि पुढच्या वर्षी तो नव्या मालाशेजारी जुना म्हणूनच ओळखला जातो. याहून मोठी बाब म्हणजे जागा. ज्या मांडणीवर तो अडकून बसला आहे, त्याच मांडणीवर नवा माल पूर्ण किमतीला विकला जाऊ शकतो. तो न मांडल्याने बुडणारा नफा हीच जुना माल ठेवण्याची खरी किंमत असते. म्हणून हंगामाच्या अखेरीस विक्रेता खरेदीच्या किमतीकडे पाहत नाही, आणि अनुभवी विक्रेत्याने पाहूही नये.

ज्या मालाला हंगाम नसतो, उदाहरणार्थ साधे खिळे किंवा को‍ऱ्या वह्या, त्याला हा युक्तिवाद लागू होत नाही. तिथे उरलेला नग पुढच्या महिन्यात त्याच किमतीला जातो आणि म्हणून अशा वस्तूंवर खोल सूट क्वचितच दिसते.

गणिती

खतावणी यांच्या विवेचनात एक मुद्दा जोडतो. सुरुवातीची किंमत चढी ठेवून ती टप्प्याटप्प्याने उतरवण्यामागे माल संपवण्याखेरीज आणखी एक कारण आहे, ते म्हणजे माहिती मिळवणे. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लेझिअर यांनी १९८६ मध्ये किरकोळ विक्रीतील किमती आणि सेल यांवरील निबंधात हे फार स्पष्टपणे मांडले. नव्या नमुन्याच्या कपड्यासाठी ग्राहक किती मोजायला तयार आहेत, हे विक्रेत्याला आधी कळण्याचा मार्ग नसतो. तो चढ्या किमतीला माल मांडतो. काही दिवसांत तो गेला नाही, तर त्या न विकले जाण्यातूनच त्याला कळते की अंदाज चुकीचा होता, आणि तो किंमत उतरवतो. यातून असे निघते की ज्या मालाच्या मागणीविषयी अनिश्चितता जास्त, त्याची सुरुवातीची किंमत जास्त चढी असते आणि उतारही जास्त असतो. पांढरा सदरा किती खपतो याचा अंदाज विक्रेत्याला असतो. या वर्षीच्या नव्या रंगाचा नसतो. त्यामुळे मोठी सूट त्या रंगावर येते.

दुसरे कारण ग्राहकांमधील फरकाचे आहे. काहींना वस्तू आज हवी असते, काहींना ती स्वस्त हवी असते आणि थांबण्याची तयारी असते. एकच किंमत ठेवली तर यांपैकी एक गट हातचा जातो. सेल दोन्ही गटांना काळाच्या अंतराने वेगळे करतो. मात्र सेलची तारीख सर्वांना आधीच ठाऊक झाली की आज घेणारेही थांबू लागतात. हॅल व्हेरिअन यांनी १९८० मध्ये मांडलेल्या प्रारूपात विक्रेते सूट अनियमितपणे देतात, त्यामुळे ती केव्हा मिळेल याचा अंदाज ग्राहकांना अनुभवानेही बांधता येत नाही.

या अडचणीवर एक अगदी उलटा उपाय बॉस्टनमधील फायलीन्स बेसमेंट या दुकानाने केला होता. १९०९ मध्ये सुरू झालेल्या या तळघरातील विभागात सवलतीचे वेळापत्रक उघडपणे जाहीर असे. प्रत्येक वस्तूवर ती मांडल्याची तारीख लिहिलेली असे. मांडल्यापासून विक्रीच्या १२ दिवसांनंतर किंमत २५ टक्क्यांनी, १८ दिवसांनंतर ५० टक्क्यांनी आणि २४ दिवसांनंतर ७५ टक्क्यांनी उतरे, आणि ३० दिवसांनंतरही उरलेली वस्तू धर्मादाय संस्थेला दिली जाई. सर्व काही जाहीर असूनही ग्राहक पूर्ण किमतीला घेत, कारण थांबले तर ती वस्तू दुसरा कोणी घेऊन जाईल ही भीती खरी होती. मला ही पद्धत मनापासून आवडते. एकेकच नग असल्याने ती चालली. एकाच वस्तूचे हजार नग असते, तर ग्राहकांनी निर्धास्तपणे वाट पाहिली असती.

शून्यशेष

२०, ३०, ५० असेच आकडे का? गणिताने काढलेली सूट ३४ किंवा ४१ टक्के का नसते?

खतावणी

गणित तशीच उत्तरे देते. ती व्यवहारासाठी जवळच्या ठरलेल्या पायरीवर आणली जातात. शेकडो दुकानांत लेबले बदलायची असतात आणि ग्राहकाला दुरूनच फलक वाचता आला पाहिजे. शिवाय लहान सूट लक्षातच येत नाही, म्हणून ५ किंवा ७ टक्क्यांचा फलक फारसा उपयोगी पडत नाही.

काही ठिकाणी पायऱ्यांऐवजी थेट किमतींचे गट असतात. स्पेनमधील झारा या कंपनीत सेलच्या वेळी वस्तू मोजक्या किमतींच्या गटांत विभागल्या जातात. पूर्वी हे काम अनुभवी माणसे अंदाजाने करत. फेलिपे कारो आणि जेरेमी गॅलियन या संशोधकांनी कंपनीबरोबर त्यासाठी मागणीच्या अंदाजावर चालणारी पद्धत तयार केली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत तिच्यामुळे सेलमधील उत्पन्न सुमारे ६ टक्क्यांनी वाढल्याचे नोंदवले. सेलमध्ये खरेदीचा खर्च आधीच होऊन गेलेला असल्याने ही वाढ जवळजवळ पूर्णपणे पदरात पडते. या क्षेत्रात ६ टक्के हा फार मोठा आकडा आहे.

अंदाजाने काम करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे पहिली सूट उशिरा आणि तोकडी देणे. आपण पसंत करून आणलेला माल चालत नाही, हे मान्य करणे खरेदी करणाऱ्याला जड जाते. तो १० टक्के उतरवतो, दोन आठवडे थांबतो, मग २० करतो, आणि तोवर मधली मापे संपून फक्त टोकाची मापे उरतात. अशा तुकड्यातुकड्यांच्या मालाला ५० टक्क्यांनाही गिऱ्हाईक मिळत नाही. हंगामाच्या मध्यावर ३० टक्के दिले असते, तर अखेरच्या ७० टक्क्यांची वेळ आली नसती, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

अंतर्नाद

ग्राहकाच्या मनाचा भाग अजून आलेला नाही, तो मांडते. आमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की एखादा अंदाज करताना समोर आलेल्या पहिल्या आकड्याला आपले मन धरून राहते. खोडलेली जुनी किंमत नेमके हेच काम करते. ती नवी किंमत पारखण्याचे माप पुरवते. रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितले की खरेदीत आपल्याला दोन वेगवेगळी समाधाने मिळतात, एक वस्तूचे आणि दुसरे सौदा चांगला झाल्याचे.

एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर यांचे प्रयोग मला या संदर्भात फार मोलाचे वाटतात, कारण ते खऱ्या विक्रीवर केलेले आहेत. टपालाने कपडे विकणाऱ्या एका कंपनीच्या सूचिपत्राच्या वेगवेगळ्या आवृत्त्या काढून त्यांनी एकच कपडा ३४, ३९ आणि ४४ डॉलर अशा किमतींना मांडला. सर्वाधिक खप ३४ वर झाला नाही, तर ३९ वर झाला, कारण ९ हा शेवटचा अंक ग्राहकांना सवलतीची खूण वाटतो. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की सेलची खूण जितक्या जास्त वस्तूंवर लावावी, तितका तिचा प्रभाव कमी होतो. दुकानभर सूट न लावता निवडक वस्तूंवरच लावण्याचे हेही एक कारण असावे.

आणि सूट पूर्णपणे काढून टाकली तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील जेसी पेनी या दुकानांचे आहे. ॲपलच्या दुकानांची घडी बसवणारे रॉन जॉन्सन तिथे प्रमुख झाले आणि फेब्रुवारी २०१२ पासून त्यांनी सततचे सेल व कूपन बंद करून रोजच्या किमतीच कमी केल्या. त्या वर्षात विक्री सुमारे एक चतुर्थांशाने घसरली, एप्रिल २०१३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले आणि सेल परत आले. लोकांना वस्तूइतकाच सौदाही हवा असतो, असा माझा यावरून निष्कर्ष आहे.

गणिती

हा निष्कर्ष थोडा घाईचा वाटतो. त्याच काळात तिथे दुकानांची मांडणी आणि विकले जाणारे ब्रँडही बदलले जात होते, त्यामुळे घसरणीचा सगळा भार किमतींच्या धोरणावर टाकता येणार नाही. दुसरे असे की तिथल्या ग्राहकांना सवलतीची सवय त्याच दुकानाने वर्षानुवर्षे लावली होती. सवय लागलेल्या ग्राहकाची सूट एका दिवसात काढणे आणि पहिल्यापासून स्थिर किमतीने विकणे यांचे परिणाम वेगळे असतात. रोज एकच कमी किंमत ठेवून उत्तम चालणारी मोठी दुकाने जगात आहेत.

अंतर्नाद

सवयीचा मुद्दा मान्य आहे. किंबहुना तो विक्रेत्यांसाठी अधिक गंभीर आहे, कारण वारंवार दिलेली सूट ग्राहकाच्या मनातील मूळ किंमतच खाली आणते. वर्षातील बहुतेक दिवस ६० ला मिळणारी वस्तू पुढे १०० ला कोणालाच योग्य वाटत नाही.

न्यायपथ

धागाकर्तीने विचारलेल्या लबाडीच्या सीमेविषयी लिहितो, कारण कायद्याने ती बऱ्याच स्पष्टपणे आखलेली आहे. माल काही काळ खऱ्या अर्थाने १०० ला विक्रीस ठेवला, तो गेला नाही आणि मग ७० ला आणला, तर ती सूट खरी आहे, मग सुरुवातीची किंमत कितीही चढी असो. १०० ही किंमत केवळ खोडण्यासाठीच छापली असेल, तर ती फसवणूक आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची १९६४ ची मार्गदर्शक तत्त्वे नेमका हाच भेद करतात: पूर्वीची किंमत पुरेसा काळ, उघडपणे आणि प्रामाणिकपणे लावलेली असली पाहिजे.

परंतु पुरेसा काळ म्हणजे किती, यावर वाद होत राहतो. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाद्वारे त्याला आकडा दिला आणि हा नियम २८ मे २०२२ पासून लागू झाला. किंमत उतरवल्याचे जाहीर करताना त्याआधीच्या किमान ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत सांगणे तिथे बंधनकारक आहे. नाशवंत मालासारख्या काही बाबतींत सदस्य देशांना वेगळे नियम करता येतात. सेलच्या आदल्या आठवड्यात किंमत वर नेऊन ती पुन्हा खाली आणण्याची युक्ती यामुळे निरुपयोगी ठरते. तरीही काही विक्रेते ती सर्वांत कमी किंमत बारीक अक्षरात लिहीत आणि मोठ्या अक्षरातील टक्केवारी मात्र अलीकडच्या चढ्या किमतीवर काढत. आल्डी ज्यूड या साखळीविरुद्धच्या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने २६ सप्टेंबर २०२४ रोजी ही पळवाटही बंद केली. टक्केवारीसुद्धा त्या सर्वांत कमी किमतीवरच काढली पाहिजे, असा निर्णय दिला. माझ्या मते ग्राहकहिताच्या दृष्टीने अलीकडच्या काळातील हा फार महत्त्वाचा निर्णय आहे, कारण ग्राहक प्रत्यक्षात वाचतो तो आकडा टक्क्यांचाच असतो.

जिज्ञासा (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. खतावणी यांना आणखी एक विचारायचे आहे. हा सगळा भार विक्रेताच सोसतो का? आणि सेलच्या शेवटच्या आठवड्यात सूट एकदम खोल का होते? तोवर तर बराचसा माल गेलेला असतो.

खतावणी

भाराविषयी आधी सांगतो. मोठे विक्रेते पुरवठादाराशी करार करतानाच सवलतीतील त्याचा वाटा ठरवून घेतात. माल ठरलेल्या प्रमाणात गेला नाही, तर पुरवठादाराने फरकाचा काही भाग द्यायचा किंवा उरलेला माल परत घ्यायचा, असे त्यात लिहिलेले असते. त्यामुळे एखाद्या ब्रँडवर अचानक मोठी सूट दिसली, तर ती दुकानाने स्वतःच्या खिशातून दिली असेलच असे नाही. लहान दुकानदाराला असा करार मिळत नाही, आणि तोच माल त्याच्याकडे पूर्ण किमतीला दिसतो तो त्याच्या लोभामुळे नव्हे. मला हे सांगणे आवश्यक वाटते, कारण ग्राहक पुष्कळदा त्यालाच महागडा ठरवून मोकळे होतात.

शेवटच्या आठवड्याची दोन कारणे आहेत. प्रत्येक विभागाला हंगामासाठी सवलतीची एक एकूण रक्कम मंजूर असते. सावध माणसे ती पुरवून पुरवून वापरतात आणि अखेरीस रक्कम शिल्लक व माल पडून अशी स्थिती येते, तेव्हा राहिलेली सगळी मोकळीक थोड्या नगांवर खर्च होते. उलट, रक्कम आधीच संपली असेल, तर ज्या मालाला सूट द्यायलाच हवी त्यालाही ती देता येत नाही आणि तो तसाच गोदामात जातो.

दुसरे कारण जमाखर्चाचे आहे. आंतरराष्ट्रीय लेखामानकांनुसार शिलकी माल खरेदीच्या किमतीला किंवा तो विकल्यास विक्रीखर्च वजा जाता मिळू शकणाऱ्या रकमेला, यांपैकी जी कमी असेल तिला दाखवावा लागतो. त्यामुळे ४० ला घेतलेल्या नगाचे आता १५ च येणार असतील, तर वर्षअखेरीच्या ताळेबंदात तो १५ लाच येतो आणि २५ चा तोटा माल विकला नाही तरी नोंदला जातो. एकदा तो नोंदला गेला की खरेदी करणाऱ्याने माल धरून ठेवण्याला काहीच अर्थ उरत नाही. दोन महिने ३० टक्क्यांपुढे जाण्यास तयार नसलेला विभाग मग त्याच आठवड्यात ७० टक्क्यांचे फलक मागवतो.